वेशीबाहेरचे शेजारी

१९०१ सालच्या उन्हाळ्यात मसूर स्टेशनवर चार मुलं उतरली. नवे सदरे, नव्या टोप्या, पायांत नवे जोडे. सुट्टीत वडिलांना भेटायला निघालेली. वडील रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुलांचं पत्र त्यांच्या हाती पडलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं आधी मायेनं विचारपूस केली आणि जात कळताच तो मागं सरला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण महाराची पोरं बसवून घ्यायला एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तडजोड झाली. गाडी मुलांनी हाकायची आणि मालक बाजूनं पायी चालणार. रात्री टोलनाक्यापाशी मुक्काम पडला. शिदोरी होती, पाणी नव्हतं. दहा वर्षांचा भीमराव नाकेदाराकडे गेला आणि आपण मुसलमान आहोत असं त्यानं चांगल्या उर्दूत सांगितलं. नाकेदारानं तरीही पाणी दिलं नाही. मुलं तशीच उपाशी झोपली.

त्या भीमरावानं, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, हा प्रवास पुढं स्वतःच लिहून ठेवला. वाचणाऱ्याचं लक्ष साहजिकच पाण्याकडे जातं. मी मात्र दर वेळी त्या खोट्यापाशी थबकतो. मुसलमान म्हटलं तर घोटभर पाण्याची आशा आहे आणि महार म्हटलं तर तीही नाही, ही प्रतवारी त्या रस्त्यावर पोराटोरांनाही ठाऊक होती. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव घातलेल्या या मुलानं ती रोजच्या जगण्यातून शिकली होती. वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट घरून न्यायचं. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. न्हावी केसांना हात लावत नसे, म्हणून मोठी बहीणच भावांचे केस कापी. आपल्यावर होणारा अन्याय ओळखायला फार अक्कल लागत नाही. शेजारच्यावर होणारा अन्याय आपल्यापेक्षा किती बोटं कमी आहे, हेही माणूस लहानपणीच मोजायला शिकतो.

तो मोजणारा माणूस पुढं शेजाऱ्याला आपला म्हणतो की त्याच्यापासून चार पावलं लांब राहतो, हे पाहायला जुन्या सातारा जिल्ह्याइतका चांगला मुलूख दुसरा सापडायचा नाही. सांगली तेव्हा वेगळी नव्हती. १९४९ साली संस्थानं विलीन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे साताऱ्याचेच तालुके, आणि अधेमधे औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशा संस्थानांच्या सरहद्दी. सत्यशोधक चळवळ इथं रुजली, प्रतिसरकार इथं उभं राहिलं, रयत शिक्षण संस्था इथलीच. बंडखोरीच्या या मुलखात बंडखोरांनी एकमेकांशी कसं वागावं याचीही परीक्षा झाली.

त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा हा गाडा चांगलाच धावत होता. महार आणि मांग दोघंही बलुतेदार. महारानं वेस राखायची, शिवेची साक्ष द्यायची, सांगावे पोचवायचे, सरकारी सारा तालुक्याला न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं. मांगानं नाडे, कासरे, चऱ्हाटं वळायची, केरसुण्या बांधायच्या, लग्नकार्यात वाजवायचं. रामोशी राखणीला. कैकाडी पावसाळा संपला की गाढवावर बिऱ्हाड घालून यायचे आणि कणग्या, डाली विणून द्यायचे. गावानं या सगळ्यांना बाहेर ठेवलं, पण बाहेर ठेवताना एका रांगेत उभं केलं नाही. महारवाडा वेगळा, मांगवाडा वेगळा, दोघांत रोटी नाही, बेटी नाही. महार मांगाला खालचा समजे आणि मांग महाराच्या हातचं खाणार नाही असं म्हणे. दसऱ्याचा मान, मेल्या जनावराचा वाटा, सणाची ओवाळणी यांवरून महार-मांगांत तंटे झाल्याचे कागद मराठी अमदानीपासूनचे आहेत. भाकरीचा तुकडा एवढासा, म्हणून भांडण एवढं मोठं.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचं जे वर्णन केलं त्यात हाच मुद्दा मध्यावर आहे. ही विषमता पायऱ्यापायऱ्यांची आहे. प्रत्येक पायरीवरच्याला वरच्याचा राग असतो, पण आपल्या खाली कोणीतरी आहे हे सुखही असतं, त्यामुळे सगळ्या पायऱ्या मिळून जिना पाडायला कधी निघत नाहीत. हे १९३६ साली छापलेल्या पुस्तकातलं तत्त्वज्ञान असलं तरी त्याची पहिली मांडणी मसूर ते गोरेगाव या रस्त्यावर झाली असावी, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या मॉरीन क्रेग आणि जेनिफर रिचसन या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली याच प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केले. लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या लोकांना आपल्या गटाशी होणाऱ्या वांशिक भेदभावाची जाणीव करून दिली, तर ते इतर वांशिक अल्पसंख्याकांकडे जास्त आपुलकीनं पाहू लागले. पण भेदभाव वेगळ्या प्रकारचा असेल तर उलट घडलं. गोऱ्या स्त्रियांना स्त्री म्हणून होणारा अन्याय आठवून दिला, तर वांशिक अल्पसंख्याकांबद्दल त्यांचं मन अधिक आखडलं, असं त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या दुसऱ्या अभ्यासांत दिसलं. आपलं दुःख आणि समोरच्याचं दुःख एकाच मुळाचं आहे असं वाटलं तर जवळीक वाढते, एरवी दुरावा. हा निष्कर्ष मला पटतो, पण गावगाड्याला तो पुरा पडत नाही. महार आणि मांग यांचं दुःख एकाच मुळाचं होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. तरी मधली भिंत उभीच राहिली, कारण ती भिंत दुसऱ्या कोणीतरी बांधून दिली होती आणि तिची डागडुजी करणाऱ्याला बलुतं मिळत होतं.

ही भिंत ओलांडण्याचा पहिला प्रयत्न पुण्यात झाला, पण तो करणारी माणसं साताऱ्याकडची. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळ्याजवळचं नायगाव. त्यांनी शाळा चालवण्यासाठी काढलेल्या मंडळीच्या नावातच महार, मांग इत्यादि असा एकत्र उल्लेख होता. सरकारी कागदात ती केवळ सोय वाटेल. गावात मात्र महाराचं आणि मांगाचं पोर एका पाटावर बसवणं ही सोय नव्हती. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ साली दोन हप्त्यांत छापून आला. विषय मांग-महारांचं दुःख. ती मांगाच्या घरची. दोघांचं गाऱ्हाणं तिनं एकाच कैफियतीत मांडलं, वाटणी केली नाही. पुढच्या दीडशे वर्षांत अनेक मोठ्या पुढाऱ्यांना जे जमलं नाही ते तिला शाळेत तीन वर्षं काढून जमलं.

दुसरा प्रयत्न मात्र साताऱ्याच्या मातीतलाच, आणि तो करणारा माणूस ना महार ना मांग ना मराठा. भाऊराव पायगोंडा पाटील जन्मानं जैन. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घराणं वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. वारणा-कृष्णाकाठचे जैन हे बहुतेक शेतकरी. गावात मराठ्यांच्या शेजारी नांगर धरणारे, पण देव, उपास, जेवणाची वेळ सगळं वेगळं. संख्येनं थोडे आणि म्हणून आपलं वेगळेपण जपायला टपलेले. या समाजानं १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा काढली, कोल्हापुरात मुलांसाठी वसतिगृह काढलं. भाऊराव तिथं राहून राजाराम हायस्कुलात शिकत. १९०८ साली शाहू महाराजांच्या आश्रयानं अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना सांगितलं गेलं की आंघोळ करून मगच जेवायला या. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावं लागलं.

चरित्रकार हा प्रसंग भाऊरावांचं धैर्य दाखवायला सांगतात. पण दुसऱ्या बाजूनं पाहा. तिथले व्यवस्थापक अण्णासाहेब लठ्ठे हे काही सनातनी भटजी नव्हते. ब्राह्मणेतर चळवळीतलं ते मोठं नाव. शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिलं, पुढं मुंबई सरकारात अर्थमंत्री झाले. वेदोक्ताच्या वादात ब्राह्मणांनी केलेला अपमान काय असतो हे त्यांच्या वर्तुळाला नीट कळत होतं. वरून आलेला अपमान ओळखणाऱ्या संस्थेनं खाली मात्र आंघोळीची अट घातली. ढोंग म्हणून हे झटकून टाकणं सोपं आहे. पण जो समाज आधीच संशयाच्या नजरेखाली जगतो त्याला आपली सोवळ्याची पत सांभाळण्याची जास्तच धास्ती असते. आम्हीही तुमच्यासारखेच प्रतिष्ठित, हे वरच्याला पटवायचं तर खालच्याला शिवून चालत नाही.

भाऊरावांनी ती पत गमावली आणि त्यातून मोकळे झाले. इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसलेला एक महाराचा मुलगा त्यांना दिसला. त्यांनी त्याला घरी नेलं आणि तिथून कोल्हापूरला त्याच मिस क्लार्क वसतिगृहात पोचवलं. हा मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेल्यावर ‘मूकनायक’ काही काळ घोलपांनी चालवला, आणि पुढं ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून सरकारनियुक्त सभासद झाले. एका जैन माणसानं ओसरीवरून उचललेला मुलगा इतका लांब गेला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. धनिणीच्या बागेत मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान, रामोशी अशा घरांतली मुलं एकत्र राहत. भाकरी मुलांनीच थापायच्या, पाणी मुलांनीच भरायचं, झाडलोट मुलांनीच करायची. पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९३० साली त्या गेल्या. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं.

या बोर्डिंगचं कौतुक ‘समता’, ‘बंधुता’ असे शब्द वापरून पुष्कळ झालंय. मला त्यातलं कारागिरीचं अंग जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथं कोणालाही दुसऱ्याच्या दुःखावर भाषण ऐकावं लागत नव्हतं. ज्याची पाळी त्यानं पीठ मळायचं आणि ज्याला भूक लागलीय त्यानं खायचं. मांगाच्या मुलानं थापलेली भाकरी महाराचा मुलगा खातो आणि दोघांनी भरलेलं पाणी जैनाचा मुलगा पितो, हे रोज दोन वेळा झालं की प्रतवारीला उभं राहायला जागा उरत नाही. गावगाड्यानं कामं जातीवर वाटली होती. भाऊरावांनी ती पाळीवर वाटली. एवढा एकच बदल, आणि तो कुठल्याही ठरावापेक्षा खोल गेला. मर्यादा होती ती उघडच. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी गेली की महारवाडा महारवाड्याच्या जागी आणि मांगवाडा मांगवाड्याच्या.

सरकारनं याच सुमारास उलटा धडा चालवला होता. १८७१ च्या आणि नंतरच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली माणसं जन्मानंच चोर ठरत. हजेरी म्हणजे ठरल्या वेळी पाटलासमोर, चौकीवर उभं राहून आपण गावातच आहोत हे दाखवणं. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. इंग्रजी मुलखात मात्र कायदा चालूच राहिला. एक विचित्र योग असा की मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला १९२८ साली जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. बाबासाहेब आणि ठक्करबाप्पा त्या समितीचे सभासद. चोर म्हणून मोजणारा आणि वंचित म्हणून मोजणारा हात एकच.

हजेरीची ही जखम वाटेगावच्या माणसानं साहित्यात आणली. अण्णाभाऊ साठ्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यातला. शाळा जेमतेम दीड दिवसाची. बाप भाऊराव पोराबाळांना घेऊन पायी मुंबईला निघाला. तिथं अण्णाभाऊंनी कोळसे वेचण्यापासून गिरणीपर्यंत सगळं केलं, कम्युनिस्ट झाले आणि अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लालबावटा कलापथक उभं केलं. १९५९ साली ‘फकिरा’ आली. शिगावची जोगणी आपल्या गावी आणणारा आणि त्यात जीव गमावणारा राणोजी मांग, आणि दुष्काळात उपाशी वाड्यांसाठी खजिना लुटणारा त्याचा मुलगा फकिरा. या कादंबरीत फकिराला आधार देणारे विष्णुपंत कुळकर्णी आहेत आणि त्याच्या बापाला मारणारे खोतही आहेत. म्हणजे जात हीच माणसाची शेवटची ओळख असं अण्णाभाऊ मानत नव्हते. महत्त्वाचं म्हणजे ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. मांग नायकाची कादंबरी, लेखक मांग आणि कम्युनिस्ट, अर्पणपत्रिका महार पुढाऱ्याच्या नावे. पक्षांच्या भिंती तेव्हा आजच्यापेक्षा कमी उंच होत्या असं नाही. अण्णाभाऊंनी त्या मोजल्या नाहीत इतकंच.

खरं तर त्याआधीपासूनच दुरावा वाढत होता, आणि त्याला दोन्ही बाजूंनी कारणं होती. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत नायगावला मुंबई इलाखा महार परिषद भरली. धर्मांतरावरचं ते प्रसिद्ध भाषण. फक्त महारांचीच परिषद का, या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेबांनी भाषणाच्या सुरुवातीलाच दिलं. ही सरकारकडे मागणी करण्याची सभा नाही. धर्म सोडायचा की नाही हे प्रत्येक जातीनं आपापलं ठरवायचं आहे. जूनच्या सुरुवातीला मांगांची मातंग परिषदही झाली. युक्तिवाद बिनतोड होता, तरी मांगवाड्यात वेगळीच भावना घर करत गेली: चळवळ त्यांची, पुढारी त्यांचा, आपण पाहुणे. पुढं काँग्रेसनं आणि हरिजन सेवक संघानं या भावनेला खतपाणी घातलं. महारांचा आक्षेप उलटा. लाठ्या आम्ही खाल्ल्या, मेलं ढोर ओढायचं आम्ही सोडलं, आणि जी कामं आम्ही टाकली ती उचलायला तुम्ही पुढं झालात. अनेक गावांत महारांनी गावकी नाकारली तेव्हा पाटलांनी मांगवाड्याकडे बोट दाखवलं, हे खरंच आहे. पण ज्याच्या घरी चूल पेटायची नाही त्यानं नकार दिला नाही, यात फितुरी शोधणं अन्यायाचं होतं.

प्रतिसरकारनं, म्हणजे नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या लढ्यानं, १९४३ ते ४६ च्या दरम्यान गावोगाव न्यायमंडळं चालवली, गांधी-विवाह लावले, अस्पृश्यता मोडायचे कार्यक्रम घेतले. नेतृत्व मात्र शेतकरी-मराठा घरांतलं राहिलं, आणि १९४२ नंतर आंबेडकरी राजकारण शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वेगळ्या वाटेनं गेलं. मांगवाडा दोन्ही वाटांच्या मध्ये.

मग धर्मांतराचा दिवस, १४ ऑक्टोबर १९५६, आला. जिल्ह्यातल्या महारवाड्यांतून खंडोबा, मरीआईचे देव्हारे हलले आणि बुद्धाची तसबीर आली. मातंग बहुतेक ठिकाणी हिंदूच राहिले. त्या रात्रीपासून दोन वाड्यांमध्ये धर्माचंही अंतर पडलं. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना होत्या; बौद्ध झाल्यावर त्या गेल्या. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं १९६० साली राज्यापुरत्या त्या नवबौद्धांना दिल्या. केंद्रात यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं एका वाड्याला वाटत राहिलं की आम्ही स्वाभिमानाची किंमत मोजतोय, आणि दुसऱ्या वाड्याला वाटत राहिलं की शिकलेल्या वाड्यानंच नोकऱ्या नेल्या. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, तेव्हा भांडणाचं जुनं कारणही गेलं. पण वतन गेलं तरी वतनाची सवय गेली नाही. तीच मोजणी आता सरकारी जागांच्या यादीवर सुरू झाली.

अपमान खाली कसा उतरतो हे लिहिण्याचं धाडसही याच मुलखातल्या लेखकांनी केलं. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’मध्ये आपल्या तराळ बापाची फरफट सांगितली, वकील झाल्यावर आणि पुढं कुलगुरू झाल्यावरही ते महारवाड्यापुरते लिहीत राहिले नाहीत, विमुक्त जमातींचं जगणं त्यांनी कथांत आणलं. फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये जास्त अवघड गोष्ट केली. बाहेर गावापुढं वाकलेला पुरुष घरात येऊन बायकोवर कसा तुटून पडे, सासू सुनेचा कसा छळ करी, बाईचं नाक कापण्यापर्यंत मजल कशी जाई, हे त्यांनी आपल्याच समाजाबद्दल लिहिलं. आमच्यावर अन्याय झाला म्हणून आम्ही निर्दोष, असा बचाव त्यांनी घेतला नाही. आणि फलटण तालुक्यातल्याच सोमंथळीच्या लक्ष्मण मान्यांनी १९८० साली ‘उपरा’मध्ये त्याही खालची पायरी दाखवली. कैकाड्यांना गावकुसाबाहेरसुद्धा कायमची जागा नव्हती. तरी त्यांच्यातही जातपंचायत होती, आणि जातीबाहेर लग्न केल्याबद्दल ती लेखकावर उलटली. वेशीबाहेरच्यांनाही वाळीत टाकायला कोणीतरी लागतं. २००६ साली मान्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, म्हणजे एका विमुक्त माणसानं महारांनी खोदलेल्या वाटेनं जायचं ठरवलं. ‘फकिरा’च्या अर्पणपत्रिकेनंतर भिंत ओलांडल्याचं मला दिसणारं हे दुसरं मोठं उदाहरण.

आजचं भांडण अ-ब-क-ड चं आहे. २००१ च्या जनगणनेत राज्यातल्या अनुसूचित जातींमध्ये महार सुमारे ५७ टक्के, मांग २० टक्के, चांभार साडेबारा टक्के होते. एकूण ५९ जातींत १३ टक्के आरक्षण. मातंग समाजाचं म्हणणं आहे की एकत्र रांगेत आमचा नंबर लागत नाही, आमचा वाटा वेगळा काढा. क्रांतिगुरू लहुजी साळवे आयोग २००३ साली यासाठीच नेमला गेला. १ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे अण्णाभाऊंच्या जयंतीदिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं सहा विरुद्ध एक अशा बहुमतानं असं वर्गीकरण करायचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्र सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली.

माझं मत विचाराल तर मातंगांची मागणी न्यायाची आहे. जो मागं राहिला त्याला, तू पुढच्याचा मत्सर करतोस, असं सांगणं म्हणजे वरच्या जातींनी शंभर वर्षं जे महारांना ऐकवलं तेच दुसऱ्याला ऐकवणं आहे. बौद्धांची भीतीही पोकळ नाही. दोन वाड्यांची मतं फुटली की कोणाचं फावतं हे सातारा-सांगलीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत दिसतं. पण त्या भीतीवर उपाय वाटा अडवून धरण्यात नाही. वाटा स्वच्छ आकड्यांवर ठरू द्यावा आणि बाकीच्या लढाया, म्हणजे स्मशानाची जागा, गायरान, अत्याचाराचे खटले, बंद पडत चाललेली वसतिगृहं, या एकत्र लढाव्यात. त्या लढायांत कोणाचाही वाटा कमी होत नाही.

वाचकांना एक सुचवतो. साताऱ्यात राजवाड्यापाशी प्रतापसिंह हायस्कूल आहे. भिवा रामजी, म्हणजे मसूरला उतरलेल्या त्या भीमरावाचं, नाव तिथल्या दाखल्याच्या रजिस्टरात अजून आहे. वाटेगाव तिथून महामार्गानं दीड-दोन तासांवर. ७ नोव्हेंबरला लोक साताऱ्याला जातात, १ ऑगस्टला वाटेगावला. पुढच्या वर्षी दोन्ही तारखांना जा, आणि जाताना शेजारच्या वाड्यातल्या कोणाला तरी गाडीत घ्या.